विराटनगरीत ब्रंच

पांडवांनी अज्ञातवासाचं वर्ष विराटनगरीत काढलं आणि ती विराटनगरी म्हणजे आमची वाई, हे आम्ही वाईकर पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच सांगतो. पुरावा मागायची पाहुण्याची टाप नसते, कारण चहा आमचा असतो. अर्जुन इथे बृहन्नडा होऊन नाच शिकवायचा आणि भीम बल्लव नाव घेऊन राजाच्या मुदपाकखान्यात राबायचा. म्हणजे वाईतला पहिला शेफ भीम. त्याच्यानंतर त्या पदावर नाव घेण्यासारखं कोणी आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर एक जण आला आणि त्यानं बिस्ट्रो काढलं.

बिस्ट्रोचं नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचं आहे, आणि मालकाचा बाप शाळेत माझ्या शेजारी बसायचा.

बातमी कळली ती मुलीकडून. मुलगी पुण्याला असते. वाईत काय चाललंय हे आम्हाला पुण्याहून कळतं आणि पुण्यात ती काय करते हे वाईतल्या शेजाऱ्यांकडून. "बाबा, तुमच्याकडे संडे ब्रंच सुरू झालाय. सगळे मिळून जा ना. सारखं काय घाटावर बसायचं!"

घाटावर म्हणजे गणपती घाटावरच्या पायऱ्यांवर. तिथे संध्याकाळी आम्ही चौघे असतो: मास्तर, मॅनेजर, वकील आणि मी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, मॅनेजर बँकेतून. वकील निवृत्त व्हायला तयार नाहीत, कारण त्यांच्या तीन केसेस अजून चालू आहेत, जरी दोन पक्षकार आता नाहीत.

'ब्रंच' हा शब्द पायरीवर ठेवताच वकिलांनी व्याख्या मागितली. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला, १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, त्या गावच्या माणसाला अर्थ लागल्याशिवाय घास उतरत नाही. मी घरून वाचूनच गेलो होतो. सांगितलं, की १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रजानं लेख लिहिला, की रविवारी लवकर उठून न्याहारी आणि मग ते जडशीळ जेवण, असा दुहेरी मारा कशाला? उशिरा उठावं आणि दोन्ही एकदमच उरकावं. शनिवारी रात्री ज्यांचं जागरण आणि पिणं होतं, त्यांची यात फार सोय होईल.

"शनिवारी रात्री आपलं काय होतं?" मॅनेजरांनी विचारलं.

सगळे गप्प झाले. मास्तर साडेनऊला झोपतात. शनिवारी रात्री आमच्यापैकी कोणी काही ढवळून पीत असेलच, तर ते इसबगोल. ब्रंचला पहिली लागते ती उशिराची जाग, आणि तीच आमच्यापाशी नव्हती. पाच वाजता कृष्णेवरचं धुकं मोजायला आम्ही हजर असतो.

तरीही रविवारी अकराला भेटायचं ठरलं. बायकांनाही न्यायचं ठरलं, म्हणजे वकिलांच्या वहिनी आणि आमची ही. मॅनेजरांच्या मिसेस नातवाकडे गेल्या होत्या आणि मास्तरांच्या मिसेसनी "मी घरी जेवते, तुम्ही या खाऊन" असं अशा आवाजात सांगितलं होतं, की मास्तर ते दोनदा आम्हाला ऐकवून गेले.

अकराला आम्ही सहाही जण जमलो आणि कळलं, की आमच्यातले तिघे तरी खाऊनच आलेत. मॅनेजरांची साखरेची गोळी आठला असते, आणि गोळीमागून खावंच लागतं. वकील पोहे खाऊन आले होते. "थोडेसेच" म्हणाले, त्यांच्या भाषेत थोडेसे म्हणजे दोन बश्या. माझ्या पोटात घावन होतं. खरं म्हणजे उजाडता शेतात जाऊन दहा-अकराला बांधावर भाकरी सोडणारा आमच्या पंचक्रोशीतला गडी जन्मभर ब्रंचच करत आलाय. त्याला बेरिंजर भेटला नाही, एवढंच.

बिस्ट्रो पाहून मात्र आम्ही दारातच थांबलो. ही आमची गिरणी होती! पिठाची गिरणी. लहानपणी डोक्यावर डबा घेऊन मी इथे रांगेत उभा राहिलेलो आहे. मालकाच्या आज्यानं ती काढली, बापानं चालवली, आणि पोरगा पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकून, मुंबईत दोन-तीन ठिकाणी उमेदवारी करून परत आला, तेव्हा त्यानं जातं काढून टेबलं मांडली. पट्ट्याचं मोठं चाक तेवढं भिंतीवर ठेवलंय. रस्त्याच्या बाजूची भिंत पाडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली आहे. बाकीच्या तीन भिंतींच्या विटा उघड्याच.

"गिलावा राहिला का रे?" वकिलांनी आत शिरता शिरता विचारलं. "पैसे कमी पडले होते तर बापाला सांगायचं. आम्ही काय परके आहोत?"

"काका, ते तसंच ठेवायचं असतं," मालक म्हणाला.

"गवंडी असंच सांगतात," वकील म्हणाले.

बसलो. मी बसलो ती जागा बहुतेक वजनकाट्याची असावी, कारण बसताक्षणी आपल्याला कोणीतरी तोलतंय असं वाटायला लागलं. तोलत होतेच. काचेबाहेर भाजी घेऊन चाललेले दोघे थांबले होते. एकानं खूण करून 'काय?' विचारलं. मी खूण करून 'काही नाही' सांगितलं.

वेटर आला आणि मास्तरांना पाहून त्यानं हात मागे बांधले. मास्तरांचा विद्यार्थी. सातवीत इंग्रजीत राहिला होता. आता काळा ॲप्रन बांधून त्यानं पाण्याबद्दल इंग्रजीत काहीतरी विचारलं, साधं हवं की बुडबुड्यांचं, आणि मास्तरांचा ऊर भरून आला. "वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "पण शेवटी आवाज वर ने. प्रश्न आहे ना तो?" वेटरनं आवाज वर नेऊन वाक्य पुन्हा म्हटलं. हिनं साधं पाणी मागितलं. मेनूकार्ड हातात आल्यावर मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. दोन स्पेलिंगं दुरुस्त केली, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि खाली बारीक अक्षरात सही ठोकली. माझ्या माहितीप्रमाणे आईवडिलांना दाखवून आणायला सांगितलेलं हे वाईतलं पहिलं मेनूकार्ड.

"सर, तुम्ही काय घेणार?" वेटरनं विचारलं.

"आज संकष्टी," मास्तर म्हणाले.

ते ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन थेट आले होते. कपाळावर गंध होतं. ठरवताना पंचांग कोणीच पाहिलं नव्हतं. हिचीही संकष्टी होती, पण ती कॉफीवर भागवणार होती. येण्याचा तिचा हेतूच मुळी खाण्याचा नव्हता, बघण्याचा होता. मास्तर मात्र उदास झाले. वेटरला त्यांची दया आली असावी. त्यानं खाली वाकून हळूच सांगितलं, "सर, ॲव्होकॅडो टोस्ट आहे ना. ॲव्होकॅडो हे फळ असतं."

झालं! ॲव्होकॅडो उपासाला चालतो का? धर्मकोशाचं काम ज्या गावात चाललं, तिथे हा प्रश्न उठून वाऱ्यावर जाणं शक्य नव्हतं. वकिलांनी मनाईची बाजू घेतली: परदेशी फळ, शास्त्रात उल्लेख नाही, सबब वर्ज्य. मी मास्तरांच्या बाजूनं उभा राहिलो. म्हटलं, शास्त्रात उल्लेख नसलेल्यांची यादीच करू या. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोही तिकडचा. रताळं, मिरची, राजगिरा, सगळी अमेरिका खंडातली मंडळी; यातली बरीचशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे उतरली. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन आपण एकादशीला बसतो, तेव्हा त्या ताटात तुपाजिऱ्याखेरीज देशी असं फारसं काही नसतं. ॲव्होकॅडो मेक्सिकोचा. त्यांचा गाववालाच की! सगळं गाव पंगतीला बसवायचं आणि एकाला दारात उभं करायचं, हा कुठला न्याय?

वकिलांनी मुदत मागितली. मास्तरांनी ती न देता निकाल लावला: ॲव्होकॅडो चालेल, टोस्ट चालणार नाही, मीठ सैंधव हवं. वेटर आत गेला. आतून कोणीतरी "सैंधव?" असं ओरडल्याचं ऐकू आलं. मग मालकाचा धाकटा भाऊ मागच्या दारानं सायकलवर घराकडे निघालेला आम्ही काचेतून पाहिला.

इतरांनीही सांगून टाकलं. वकिलांनी सगळ्यात मोठी थाळी मागवली, म्हणजे नाव दिसलं नाही तरी आकडा दिसला आणि त्यांनी तो घेतला. मॅनेजरांनी एग्ज बेनेडिक्ट. मी स्ट्रॉबेरी घातलेला फ्रेंच टोस्ट, कारण स्ट्रॉबेरी आमच्या डोक्यावर पाचगणी-भिलारला होते आणि पसरणीचा घाट उतरून आलेली वस्तू ताजी असणार, असा माझा हिशेब. वहिनी बराच वेळ कार्डावर बोट ठेवून होत्या. "मिलेट अँड लेंटिल फ्लॅटब्रेड, सोबत घरी घुसळलेलं पांढरं लोणी," त्यांनी वाचलं. "हे मला दे."

मग आम्ही वाट पाहत बसलो. या वेळेचा सदुपयोग म्हणून मी 'बिस्ट्रो' शब्दाची कथा काढली. १८१४ साली रशियन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, तेव्हा खानावळीत बसलेले सैनिक 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे 'लवकर, लवकर' असं ओरडायचे आणि त्यावरून असल्या छोट्या खानावळीला नाव पडलं, अशी दंतकथा आहे. मोंमार्त्रच्या चौकातल्या एका हॉटेलानं तशी पाटीसुद्धा लावली आहे. पण शब्दांचे अभ्यासक ती मानत नाहीत, कारण फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी दिसतो.

"तेवढा वेळ लागणारच," मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाले. "सत्तर वर्षांपूर्वी ओरडले असतील, ऑर्डर आता आली असेल."

आमची चाळीस मिनिटांत आली. त्या चाळीस मिनिटांत काय काय झालं? गंगापुरीतले एक काका आत आले. त्यांना खायचं नव्हतं, फक्त विचारायचं होतं, की आमच्या घरी गॅस संपलाय का. नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आमच्यासाठी थांबतो म्हणाले. मग मालकाचा बाप स्वतः आला. गल्ल्यापाशी उभा राहून तो माझ्याकडे बघून असा हसला, की पाचवीत मी त्याच्या डब्यातला लाडू खाल्ला होता हे दोघांनाही आठवलं. आणि शेवटी पुण्याहून फोन आला: "बाबा, मास्तरकाकांना उपासाचं मिळालं का?" पदार्थ टेबलावर यायच्या आधी बातमी खंबाटकी घाट ओलांडून गेली होती.

मास्तरांपुढे हिरव्या फोडी आल्या, शेजारी वाटीत सैंधव. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. सगळं बिस्ट्रो त्यांच्याकडे बघत होतं. "लोण्यात साबण कालवल्यासारखं लागतंय," असं ते मला घाटावर म्हणाले, पण ते संध्याकाळी. त्या घडीला मालकाचा बाप गल्ल्यापाशी, पोरगा स्वयंपाकघराच्या दारात आणि विद्यार्थी पाठीशी उभा होता. मास्तर म्हणाले, "उत्तम! पचायला हलकं."

मॅनेजरांची अंडी बनपावावर बसून आली होती, अंगावर पिवळा सॉस. काटा लावताच बलक वाहायला लागला. मॅनेजरांनी ताट बाजूला सारलं. तीस वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासलेला माणूस. अर्धवट काम त्याला खपत नाही. "बाळ, ही कच्ची राहिलीत," त्यांनी समजुतीनं सांगितलं. "घाई करू नका. आम्हाला वेळ आहे." ताट आत गेलं. पाच मिनिटांनी मालक स्वतः बाहेर आला. बलक तसाच वाहायला हवा, त्यासाठी पाण्यात व्हिनेगर घालून नेमकी किती मिनिटं अंडं सोडावं लागतं आणि अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबू घोटून तो सॉस न फुटता जमायला किती वर्षं लागली, हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. "बरोबर आहे तुझं," मॅनेजर म्हणाले. "पण मला उकडून दे."

तो उकडून आणायला गेला. मॅनेजरांच्या त्या एका वाक्यात मला वाईतल्या बिस्ट्रोची खरी अडचण कळली. बिस्ट्रो चालायला अनोळखी माणसं लागतात. ती येतात, मानेला झटका देऊन हॅलो म्हणतात, बलक वाहिला तर फोटो काढतात आणि नाही आवडलं तर पुन्हा येत नाहीत. आमच्यात कोणी गिऱ्हाईक होऊच शकत नाही. इथे गिऱ्हाईक काका असतो, नाहीतर सर, नाहीतर वहिनी. काकाला नावडलं तर तो निघून जात नाही. तो सुधारणा सुचवतो.

मी फ्रेंच टोस्ट कापत होतो, तेवढ्यात हिनं विचारलं, "यात अंडं असतं का हो?"

"पावाला लागलेलं असतं," मी म्हटलं. "खाण्याइतकं नाही."

"तीन अंडी आहेत काकू," आतून मालक अभिमानानं ओरडला.

हिनं काही म्हटलं नाही. संकष्टीच्या दिवशी ही काही म्हणत नाही, चंद्रोदयापर्यंत साठवून ठेवते. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की फ्रेंच लोक याला 'हरवलेला पाव' म्हणतात. शिळा, कडक झालेला, वाया जाणारा पाव दुधाअंड्यात बुडवून पुन्हा माणसात आणायचा. "म्हणजे कुस्करा," ही म्हणाली. "आमच्याकडे शिळ्या पोळ्या उरल्या, की मी रोज करते तो. त्याचे तुम्ही कधी दोनशे साठ दिले नाहीत." पुढचा घास गंगापुरीच्या काकांनी खाल्ला. घरून जेवून आल्यामुळे त्यांनी फक्त स्ट्रॉबेरी घातलेला भाग घेतला.

सगळ्यांत शेवटी वहिनींचा फ्लॅटब्रेड आला. काळ्या दगडी पाटीवर, मधोमध पाच भोकं पाडलेला, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला मोड आलेल्या मेथीचे दोन दाणे. वहिनींनी तुकडा मोडला. चावला. थांबल्या. पुन्हा चावला.

"धणे जरा जास्त भाजलेत," त्या म्हणाल्या.

"चूक झाली का काकू?" वेटर घाबरला.

"तुमची नाही रे. माझीच. मागच्या मंगळवारी फोन आला आणि धणे करपले."

थोड्या चौकशीअंती उलगडा झाला. वहिनी भाजणी करून विकतात, किलोला अडीचशेनं. मालकाची आई त्यांच्याकडून दर महिन्याला पाच किलो नेते. वहिनींना वाटायचं, घरात माणसं फार आहेत. त्याच भाजणीचं हे थालीपीठ. किलोभर भाजणीत वीसेक थालीपिठं होतात, आणि कार्डावर एकाची किंमत दोनशे चाळीस होती. म्हणजे अख्खा किलो विकून जे आले असते, जवळजवळ तेवढेच देऊन वहिनी त्यातला विसावा भाग परत विकत घेत होत्या. आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. वकिलांनी तर नोटिशीचा मसुदा मनात घोळवायला घेतला होता. पण वहिनींच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलं. त्यांनी वेटरला जवळ बोलावलं.

"हे कार्ड मला एक देशील? पुण्याच्या जावेला दाखवायचंय."

आणि जाताना मालकाला सांगून आल्या, की पुढच्या महिन्यापासून भाजणी चारशे रुपये किलो.

बिल आलं दोन हजार तीनशे चौऱ्याण्णव. पाच कॅपुचिनो एकशे चाळीसप्रमाणे सातशे, खाणं पंधराशे ऐंशी, आणि त्यावर पाच टक्के जीएसटी. मॅनेजरांनी बेरीज दोनदा तपासली आणि ती बरोबर निघाल्यावर थोडे नाराज झाले. वकिलांनी चष्मा लावून सर्व्हिस चार्ज शोधला; जुलै २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तो आपोआप लावता येत नाही, हे सांगायला ते सकाळपासून तयार होऊन आले होते. तो लावलाच नव्हता. त्यांचा रविवार फुकट गेला.

मग मालकानं बिल हातातून काढून घेतलं. "तुमच्याकडून काय घ्यायचे काका?" झालं, झटापट सुरू. मॅनेजरांनी माझा हात धरला, वकिलांनी मॅनेजरांचा, मालकाच्या बापानं गल्ला धरला. "पाप लागेल आम्हाला." "पहिल्यांदाच आलात." "धंद्यात नातं आणू नये." काचेबाहेर आता नऊ माणसं होती आणि त्यांना आत मारामारी चालली आहे असं वाटत होतं. अखेर मी नोटा गल्ल्यात टाकल्या, मालकाच्या बापानं त्यातल्या दोन काढून माझ्या खिशात कोंबल्या, मी त्या वेटरच्या हातात दिल्या, वेटरनं त्या मास्तरांच्या पायावर ठेवून नमस्कार केला, आणि मास्तरांनी आशीर्वाद देऊन त्या गल्ल्यात परत टाकल्या. जीएसटीच्या कायद्यात या व्यवहाराला कलम नसावं.

संध्याकाळी घाटावर पोहोचलो तेव्हा मास्तर चंद्राची वाट बघत होते. पोट सगळ्यांचंच थोडं विचित्र होतं. मास्तर म्हणाले, "आपल्या गावाला खरं म्हणजे या कामाची सवय आहे. 'गंगाजल'ला आपण बिहार झालो. 'स्वदेस'ला मेणवली उत्तर प्रदेशातलं खेडं झाली. 'दबंग'ला पुन्हा उत्तर प्रदेश. आज पॅरिस झालो."

"फरक आहे," मॅनेजर म्हणाले. "शूटिंगला तुम्ही गर्दीत उभे होतात ना? दिवसाचे पैसे मिळाले होते. वर जेवणाचं पाकीट."

"दोन पाकिटं," मास्तर म्हणाले. "एक घरी नेलं होतं."

"आज आपण गर्दी झालो आणि पैसेही आपणच दिले," मॅनेजरांनी हिशेब मिटवला.

परतताना भाजीवाल्या मावशींपाशी कोथिंबीर घ्यायला थांबलो. जुडी पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "मास्तरांना अवाकाडो मानवला का?" मेक्सिकोच्या मूळ भाषेत त्या फळाला 'आवाकात्ल' म्हणतात, वाईत त्याच्या सगळ्यात जवळचा उच्चार मावशींचाच. मी मानवला म्हणालो. "आणि तुमचं ते अंड्याचं?" त्यांनी विचारलं. "काकूंनी धरलंय म्हणे मनात."

विराटनगरीत पांडव वर्षभर राहिले आणि कोणाला पत्ता लागला नाही, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. लागला नसेलही. त्या काळी मुदपाकखान्याला काच नव्हती.